सहासष्ट विधानांची पारख

नैराश्याची प्रश्नावली म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लक्षणांची यादी येते. झोप लागते का, भूक आहे का, कशात मन रमतं का. दवाखान्यांत आणि कॉलेजांच्या समुपदेशन कक्षांत वापरली जाणारी पीएचक्यू-९ अशीच आहे : नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांची स्थिती, जास्तीत जास्त गुण २७. माणूस आज किती त्रासात आहे हे ती चांगलं सांगते. तो इथवर कुठल्या वाटेने आला आणि बरा झाल्यावर पुन्हा त्याच वाटेला लागेल का, हे सांगणं तिचं कामच नाही. त्यासाठी वेगळ्या जातीची प्रश्नावली लागते. तशी एक प्रश्नावली मराठीत आणून ती मराठी माणसाला लागू पडते का, हे तपासण्याचं काम मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी केलं. त्या कामाने माझी रुग्णाकडे बघण्याची नजर बदलली, म्हणून हे लिहिते आहे.

या प्रश्नावलीचं नाव 'डिप्रेसिव्ह एक्सपिरियन्सेस क्वेश्चनेअर'. आमच्या बोलण्यात डीईक्यू. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सिडनी ब्लॅट यांनी दोन सहकाऱ्यांसोबत ती १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात ६६ विधानं आहेत आणि प्रत्येक विधान आपल्याला किती पटतं हे एक ते सात या पट्टीवर सांगायचं असतं. ही विधानं लक्षणांची नाहीत. माणूस स्वतःकडे कसा बघतो, जवळच्या माणसांशी त्याचं नातं कसं असतं, हे त्यांत विचारलेलं आहे. ब्लॅट यांचं म्हणणं असं, की नैराश्याकडे नेणारे स्वभावाचे दोन प्रकार दिसतात. काहींना आधार सुटण्याची, एकटं पडण्याची भीती आतून पोखरत असते. काहींच्या आत सतत एक परीक्षक बसलेला असतो. कितीही केलं तरी तो नापासच करतो. पहिल्या प्रकाराला त्यांनी परावलंबन म्हटलं, दुसऱ्याला आत्मटीका. तिसरा घटक स्वतःच्या कर्तबगारीवरच्या विश्वासाचा. पुढे १९८३ मध्ये ॲरन बेक यांनी अगदी वेगळ्या विचारपरंपरेतून येऊन जवळपास अशीच विभागणी मांडली.

यातला कुठलाही स्वभाव हा आजार नव्हे. आयुष्याचा घाव नेमका तिथेच बसला, की त्याचा आजार होऊ शकतो. लग्न मोडणं एकाला झोपवतं, तर दुसऱ्याला नोकरीतलं एक अपयश. हा फरक उपचारात कामाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने नैराश्यावरच्या उपचारांची एक मोठी चाचणी घेतली होती. तिच्या नोंदी ब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा १९९५ मध्ये दिसून आलं, की ज्यांच्यात सुरुवातीलाच 'सगळं निर्दोष झालं पाहिजे' हा आग्रह जबर होता, त्यांना औषध काय आणि बोलण्याचा उपचार काय, कशाचाच पुरेसा गुण आला नव्हता. माझ्या रोजच्या कामात मला हेच दिसत होतं. दोन रुग्णांचा पीएचक्यूचा आकडा सारखा, औषधही सारखं, पण एकाशी जे बोलावं ते दुसऱ्याशी बोलून चालत नाही. गर्दीच्या ओपीडीत हे ओळखायला वेळ कमी मिळतो. मराठीत तपासलेलं साधन हाताशी असावं, ही निकड तिथून आली.

अनुवादाची रीत आता ठरलेली आहे. मूळ प्रश्नावलीसाठी परवानगी घ्यायची. दोघांनी एकमेकांना न दाखवता स्वतंत्र अनुवाद करायचे. आमच्याकडे एक मानसशास्त्राची प्राध्यापक होती आणि दुसरे मानसशास्त्राशी संबंध नसलेले मराठीचे शिक्षक. मग बसून एकच मसुदा करायचा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. ही उलट अनुवादाची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडली आणि जगभर ती रूढ झाली. मराठीत आणखी एक काम वाढतं. इंग्रजी वाक्यात 'मी' पुरुष की बाई हे कळत नाही, मराठी क्रियापद मात्र ते लगेच सांगतं. प्रत्येक ठिकाणी 'करतो/करते' अशी तिरकी रेघ मारली तर वाचणारा अडखळतो. म्हणून आम्ही जमेल तिथे 'मला वाटतं', 'माझ्याकडून होतं' अशी रचना घेतली आणि उरलेल्यांसाठी स्त्रियांचे आणि पुरुषांचे कागद वेगळे छापले.

उलट अनुवाद मुळाशी जुळला की पुष्कळदा काम संपलं असं मानतात. खरं काम तिथून सुरू होतं, असं मी आता ठामपणे म्हणेन. कागदावर जुळणारं वाक्य माणसाच्या मनात काय उभं करतं, हे त्याच्या शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. त्यासाठीच्या मुलाखतींचं तंत्र साधं असतं. समोरच्याने विधान मोठ्याने वाचायचं, उत्तराला खूण करायची आणि ते उत्तर का दिलं, तेव्हा मनात काय आलं, हे बोलत जायचं. आपण मध्ये पडायचं नाही.

त्यातल्या दोन मुलाखती सांगते. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, आणि प्रश्नावलीतली विधानंही शब्दशः देत नाही, कारण ती खुली करायची नसतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पन्नाशीच्या एक बाई बचत गटाच्या खोलीत बसल्या होत्या. पती जाऊन बरीच वर्षं झालेली. जवळची माणसं दूर असली की जिवाला चैन पडत नाही, अशा आशयाचं विधान त्यांनी वाचलं आणि न थांबता सातवर खूण केली.

मी विचारलं, "मावशी, हे वाचताना काय आलं मनात?"

"मॅडम, लेक नांदायला गेली, पोरगा चाकणला कंपनीत. जीव तुटतोच की. तुटला नाही तर आई कसली?"

चार-पाच विधानांनंतर एकटं असताना आपल्याच्याने काही होत नाही, अशा अर्थाचं विधान आलं. त्यांनी तितक्याच झटकन एकवर खूण केली. "का ओ नाही होत? म्हशी कोण बघतं, गटाचा हिशेब कोण लिहितं, बँकेत कोण जातं?"

मूळ आखणीत ही दोन्ही विधानं एकाच बाजूला, परावलंबनाच्या खात्यात मोजली जातात. मावशींनी त्यांना परस्परविरुद्ध टोकांची उत्तरं दिली आणि दोन्ही खरी होती. जीव लागणं आणि हतबल होणं या त्यांच्या जगण्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढच्या मुलाखतींत, विशेषतः बायकांच्या, हेच पुन्हा पुन्हा ऐकू आलं. आमच्या वहीत त्या विधानांपुढे खुणा वाढत गेल्या.

दुसरा होता स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण. पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठेच्या भागात अभ्यासिकांत दिवस काढणारी जी मुलं असतात, त्यांच्यापैकी. आत्मटीकेची विधानं आली की तो थांबतच नव्हता. सात, सात, सात. मी म्हटलं, "यातलं कुठलंही एक घे आणि तुझ्या शब्दांत सांग."

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, वडील दर महिन्याला पैसे पाठवतात. कापसाला भाव नसला तरी पाठवतात. पोस्ट निघाली नाही तर मी त्यांचे पैसे खाल्ले असंच होतं ना?"

ब्लॅट यांच्या मांडणीत नात्याची वाट वेगळी आणि यशाची वाट वेगळी. या मुलाच्या मनात मात्र ते एकाच दोरीचे दोन पीळ होते. त्याचं यश त्याच्या एकट्यासाठी नव्हतंच. अपयश म्हणजे बापाचा विश्वासघात. तरीही आतला परीक्षक तोच होता, तितकाच कठोर, रजा न घेणारा. हे ऐकल्यावर मला पटलं की आत्मटीका ही काही परदेशातून आणून आपल्यावर चिकटवलेली कल्पना नाही. ती आपल्याकडे आहे, फक्त तिच्या तोंडी घरच्यांची भाषा असते.

त्या दिवशी प्रश्नावली मी तिथेच थांबवली. मनात मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारलं. असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला बोलता येतं. तो बोलला. त्याच आठवड्यात त्याचे उपचार सुरू झाले. कामाच्या आराखड्यात आम्ही आधीच ठरवून घेतलं होतं, की कुणी खोल त्रासात दिसलं तर त्याच दिवशी त्याच्याशी बोलायचं, जवळच्या उपचारकेंद्राशी गाठ घालून द्यायची आणि टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या हातात द्यायचा. संशोधनाचा कागद भरून घेऊन निघून जाणं, हा या विषयात पर्यायच असू शकत नाही.

मुलाखतींनी आणखी काही व्यवहारी गोष्टी शिकवल्या. सात पायऱ्यांची पट्टी शहरात कॉलेज शिकलेल्यांना अंगवळणी पडलेली असते. गावात लोक आधी 'हाय' किंवा 'नाय' म्हणतात आणि मग किती ते सांगतात. म्हणून आम्ही प्रश्न दोन टप्प्यांत विचारू लागलो : पटतं की नाही पटत, आणि मग थोडं, बऱ्यापैकी की पुरेपूर. नकारार्थी विधानांनी गोंधळ होतो. 'मला अमुक जमत नाही' हे वाचून माणूस 'नाही' म्हणाला, तर त्याला जमतं की जमत नाही? अशा प्रत्येक विधानाला उत्तर मिळाल्यावर ते पूर्ण वाक्यात परत वदवून घ्यायचं, असं ठरलं. आणि जागा. सासू उंबऱ्यात बसलेली असताना सुनेने दिलेलं उत्तर हे त्या घराचं उत्तर असतं. अंगणवाडीची रिकामी खोली, देवळामागचा ओटा, शाळा सुटल्यावरचा वर्ग, जिथे कुणी ऐकणार नाही अशी जागा शोधणं हाही वैधतेचाच भाग आहे, जरी तो कुठल्या तक्त्यात छापला जात नसला तरी.

यानंतर मोठ्या संख्येने कागद भरून घेण्याचा टप्पा. इथे सोपी वाट सगळ्यांना माहीत असते : कॉलेजात जायचं, वर्ग भरलेला असतो, तासाभरात गठ्ठा तयार. मूळ डीईक्यूही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच उभी राहिली होती आणि त्यांत मुलींची संख्या मोठी होती. पण फक्त विद्यार्थ्यांवर तपासलेली प्रश्नावली विद्यार्थ्यांपुरतीच बोलते. आम्ही ठरवून शेतकरी, गृहिणी, कारखान्यातले कामगार, शिक्षक आणि उपचार घेत असलेले रुग्ण यांच्याकडे गेलो. वेळ लागला. काही कागद अर्धे राहिले. तो वेळ देण्यासारखा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग आकडे. क्रॉनबाक यांचा अल्फा, १९५१ पासूनचा, एका गटातली विधानं एकमेकांशी किती सुसंगत चालतात हे सांगतो. ०.७० च्या वर गेला की संशोधक सुटकेचा श्वास टाकतात. पण एकच गोष्ट पाच प्रकारे विचारली तरी अल्फा उंच येतो. तो सुसंगती दाखवतो, आपण योग्य गोष्ट मोजतो आहोत याची ग्वाही देत नाही. काही आठवड्यांनी त्याच लोकांकडून पुन्हा भरून घेतलं, की उत्तरं टिकतात का ते कळतं. स्वभाव मोजायचा तर ती बऱ्यापैकी टिकायला हवीत. त्यानंतर घटक विश्लेषण, म्हणजे कुठली विधानं आपोआप एकत्र येतात ते पाहणं. आणि बेक यांच्या २१ प्रश्नांच्या नैराश्य-मापनाशी त्यांचा संबंध किती, हे शोधणं.

डीईक्यूच्या गुणांकनात एक मोठा पेच आहे. इथे विधानांची सरळ बेरीज होत नाही. मूळ पद्धतीत प्रत्येक उत्तर १९७६ च्या त्या अमेरिकी विद्यार्थिनींच्या सरासरीशी ताडून बघतात, मग त्यांच्याच उत्तरांतून निघालेल्या भाराने गुणतात, आणि सगळी ६६ विधानं तिन्ही घटकांत कमीअधिक हिस्सा टाकतात. जगभरच्या संशोधनाशी तुलना करायची तर हे सूत्र पाळावं लागतं. पण त्यामुळे आमच्या गावातल्या मावशी, पन्नास वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या तरुण मुलींपेक्षा किती जास्त 'परावलंबी' आहेत, असं उत्तर निघतं. या उत्तराचा मावशींना उपयोग काय? हे पहिल्यांदा आम्हालाच जाणवलं असंही नाही. १९९७ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी भार काढून टाकून साध्या बेरजेची आवृत्ती तयार केली होती. आम्ही दोन्ही पद्धतींनी गुण काढले आणि शेजारी ठेवले.

चित्र असं होतं. आत्मटीकेची विधानं घट्ट एकत्र आली. गाव-शहर, बाई-पुरुष, शिकलेले-न शिकलेले, सगळीकडे. नैराश्याच्या मापनाशी त्यांचा संबंधही स्पष्ट होता. परावलंबनाची विधानं मात्र एका गटात राहायला तयार नव्हती. त्यांचे दोन गट पडत होते. एकात सोडून जाण्याची भीती, एकटं असताना हातपाय गळणं. हा गट नैराश्याशी जोडलेला दिसला. दुसऱ्यात माणसांची ओढ, कुणाचं मन दुखावलं तर लागणारी हुरहुर, दूरच्या लेकराची काळजी. याचा नैराश्याशी संबंध जवळजवळ नव्हता. १९९५ मध्ये रूड आणि बर्नहॅम या संशोधकांनी अमेरिकेतल्या आकड्यांवरूनच अशी फोड दाखवली होती. म्हणजे हा काही फक्त आपल्या कुटुंबपद्धतीचा वेगळेपणा नव्हता. माणसाला माणूस लागणं आणि माणसाविना उभं राहता न येणं यांत तिथेही अंतर आहे. आपल्याकडे ते अंतर इतकं उघड आहे, की बचत गटाच्या खोलीत बसून चार विधानांत ऐकू येतं.

या टप्प्यावर न जुळणारी विधानं गाळून टाका, अल्फा छान येईल, असा सल्ला मिळतोच. आमच्यापर्यंतही तो आला. विधान गाळणं कधी योग्य असतं. भाषाच फसली असेल तर ते दुरुस्त करावं किंवा काढावं. पण इथे भाषा फसली नव्हती. लोकांना विधानं नीट समजली होती आणि त्यांनी विचार करून वेगळं उत्तर दिलं होतं. ते वेगळं उत्तर हीच तर माहिती. आम्ही सगळी विधानं ठेवली, दोन्ही प्रकारचं गुणांकन दिलं आणि परावलंबनाचे दोन उपगट वेगळे वाचावेत, असं लिहिलं.

क्रॉनबाक आणि मील यांनी १९५५ मध्ये आणि पुढे सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये जे सांगितलं ते मी विद्यार्थी असताना परीक्षेपुरतं पाठ केलं होतं : वैधता चाचणीच्या अंगची नसते, चाचणीवरून आपण जे अनुमान काढतो त्याची असते. या कामात ते वाक्य मला जगण्यातून कळलं. 'ही प्रश्नावली मराठीत वैध आहे' असं म्हणायला काही अर्थ नाही. कुणासाठी, कशासाठी, कुठला निष्कर्ष काढायला, हे सांगितल्याशिवाय ते विधान अर्धवट राहतं. मावशींच्या सातवरून 'ही बाई नैराश्याला बळी पडू शकते' असा निष्कर्ष काढला तर तो अन्याय आहे. त्या मुलाच्या सातवरून काळजी करणं योग्य आहे, आणि ती काळजी त्याच्या वडिलांना सोबत घेऊन करायला हवी, हेही त्याच मुलाखतीने शिकवलं.

म्हणून आमच्या पुस्तिकेत गुण कसे काढावेत यापेक्षा गुणांचं काय करू नये हे आधी आहे. ही प्रश्नावली निदान करत नाही. अमुक आकड्याच्या वर आजार आणि खाली निरोगी, अशी रेघ तिच्यात नाही. नोकरीची निवड, प्रवेश, लग्नाची स्थळं, घटस्फोटाचे दावे यांत ती वापरायची नाही. ती समुपदेशकाने रुग्णासोबत बसून, उत्तरांवर बोलण्यासाठी वापरायची. आणि आम्ही ज्यांच्यापर्यंत पोचलो नाही त्यांच्यावर ती लादायची नाही. अहिराणी बोलणारं घर, वऱ्हाडातलं गाव, मालवणी मुलूख इथे ही प्रमाण मराठी विधानं कशी ऐकली जातात, हे तिथे जाऊन, तिथल्या माणसांच्या शेजारी बसूनच ठरेल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की नैराश्याच्या आजारात उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. ही दरी भरून काढायची तर साधनं लागतील, ती आपल्या भाषेत लागतील आणि घाईने लागतील. ही घाई मला समजते. पण जो माणूस धीर गोळा करून पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढतो, त्याला लेकरावरच्या मायेसाठी 'परावलंबी' ठरवून परत पाठवलं, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या हातात, किंवा तुमच्या मुलाच्या हातात शाळा-कॉलेजात, अशी एखादी मराठी प्रश्नावली आली, तर तीन गोष्टी जरूर विचारा. ही कोणत्या लोकांवर तपासली आहे? आकड्यावरून तुम्ही काय ठरवणार आहात? आणि माझ्या उत्तरांवर माझ्याशी कोण बोलणार आहे? हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येतात, त्याच्यासमोर निःशंक मनाने कागद भरा. ज्याला देता येत नाहीत, त्याने आधी आपलं काम पूर्ण करावं.